न आलेल्या गाडीचा आवाज

गाडी घरी यायच्या आधीच मी तिच्या आवाजाची माफी मागून आले, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

माफी आधी मागायची ही आमच्या आळीची शिस्त आहे. घराला रंग द्यायचा असेल तर रंगारी येण्यापूर्वी आपण शेजारी जायचं. हातात काहीतरी भेट, बहुधा टॉवेल. कमरेत वाकायचं आणि ‘आता तुम्हाला त्रास होणार आहे’ असं सांगायचं. एकदा सांगितलं की मग कितीही त्रास द्या. माफी नंतर मागणारा माणूस मात्र असंस्कृत. आळीच्या टोकाला एका कुटुंबाने पियानो आणला आणि टॉवेल दुसऱ्या दिवशी वाटले. ते लोक आता शिझुओकाला राहतात. पियानोमुळे गेले असं कोणी म्हणत नाही. आमच्याकडे कोणी काहीच म्हणत नाही, आणि त्यातूनच माणसाला सगळं कळतं.

मी नुमाझू शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती आहे ते बघते. ते पुरेसं असतं. इतकी वर्षं ते पुरेसं असल्याबद्दल मला अजून कोणी धन्यवाद दिलेले नाहीत, पण तो वेगळा विषय आहे. माझ्या आयुष्यात आवाज करणारी वस्तू म्हणजे एक चारशे सीसीची मोटरसायकल, तीही वयस्कर आणि विनयशील. आमच्याकडे जपानात साध्या लायसन्सवर चारशेपर्यंतच मजल जाते. त्यापुढे ‘मोठी दुचाकी’ नावाचं वेगळं लायसन्स लागतं. ते मिळालं की वर मर्यादाच नाही, हवं तर बोटीचं इंजिन दोन चाकांवर बसवून फिरा.

मला ते कधीच नको होतं. एका रविवारी ब्रेकचं तेल बदलायला दुकानात गेले, आणि बसायला खुर्ची नव्हती म्हणून तिथल्या एका हजार सीसीच्या निळ्या गाडीवर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. बस्स. लोक लग्नंही याहून कमी पुराव्यावर करतात. मी केलं होतं.

“हजार?” तेत्सुरो, म्हणजे माझे यजमान, टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. “आणि पडली तर उचलणार कोण?”

“मी.”

“बरं,” ते म्हणाले. तेवीस वर्षांच्या संसारात या ‘बरं’चा अर्थ मला अचूक कळतो. पडल्यावर मला फोन करू नकोस, असा तो आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्याच दिवशी हा प्रश्न निघाला. एक अवजड गाडी आडवी पडलेली होती. पडलेली म्हणजे पाडलेली, मुद्दाम, माझ्या स्वागतासाठी. ती उचलून उभी केल्याशिवाय प्रवेश नव्हता. मी तरफेचा नियम आठवला, गुरुत्वमध्य कुठे असेल त्याचा अंदाज घेतला, गुडघे वाकवले आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने जोर लावला. गाडी जागची हलली नाही. मग मला मनापासून राग आला, तेव्हा ती उठली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे बल कुठेच दिलेलं नाही.

शिकवणारे कोमिने-सेन्सेई साठीचे, मऊ आवाजाचे. ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. माझ्या हातून गाडी तिसऱ्यांदा आडवी झाली तेव्हा ते म्हणाले, “इगराशी-सान, गाडीलाही आता थोडं टेकावंसं वाटत असेल.” मी नारिंगी शंकू उडवत गेले तेव्हा म्हणाले, “शंकूंना आज सवड आहे.” अशा माणसासमोर चुकणं फार महागात पडतं. ओरडणाऱ्यावर निदान चिडता तरी येतं.

आणि मग ती फळी. देशातली सगळ्यात वेगवान गाडी चालवायची परवानगी तुम्ही मागता, आणि तुम्हाला ती वेगाने चालवता येते का हे कोणी विचारत नाही. हळू चालवता येते का, ते बघतात. वीतभराहून थोडी रुंद, लांबलचक लोखंडी फळी. तिच्यावरून गाडी दहा सेकंदांच्या आत पलीकडे उतरली तर गुण जातात, आणि मधेच घसरली तर परीक्षा तिथेच संपते. चारशेच्या लायसन्सला सात सेकंद पुरतात. म्हणजे गाडी जितकी मोठी तितका माणूस सावकाश, असं सरकारचं म्हणणं आहे. आमच्या कचेरीतल्या बढत्यासुद्धा याच तत्त्वावर होतात.

शाळेत सगळं ठीक झालं तर महिनाअखेरीस परीक्षा होती. दुकानदारानेही निळी गाडी महिनाअखेरीसच देतो म्हणून सांगितलं. हे ऐकल्यावर तेत्सुरोंनी पहिल्यांदाच टीव्ही बंद केला.

“म्हणजे माफी या रविवारी मागायला हवी.”

“अहो, पण परीक्षा अजून व्हायची आहे.”

“गाडी आल्यावर जाणार आहेस का? त्या पियानोवाल्यांसारखी?”

रविवारी मी सहा टॉवेल घेऊन सहा घरं फिरले.

साकुमा-सान या यंदाच्या आळीप्रमुख. कचऱ्याच्या वेळा, कुत्र्यांचं वागणं आणि लोकांचे चेहरे या तीन गोष्टींवर त्यांची नजर असते. त्यांनी दोन्ही हातांनी टॉवेल घेतला.

“मोठी गाडी म्हणजे केवढी?”

“हजार.”

“हजार काय?”

“सीसी.”

“अगं बाई! आमच्या मोटारीला सहाशे साठच आहेत. आणि तिला चार चाकं आहेत. आम्ही चौघं बसतो तिच्यात.”

त्या गुरुवारी मी परीक्षेला बसले आणि फळीवरून पडले. पडले म्हणण्यापेक्षा फळी संपायच्या आधी उतरले. शेवटच्या मीटरभरात पुढचं चाक डावीकडे बघू लागलं आणि मी त्याच्या मागोमाग गेले. कोमिने-सेन्सेई म्हणाले, “बरीचशी फळी पार झाली होती.” हे सांत्वन मी घरापर्यंत जपून आणलं.

घरी दारात लाल भाताचा डबा होता.

लाल भात शुभकार्याला करतात. टॉवेल घेतलेल्याने परतभेट द्यायची, आणि माझी बातमी आनंदाची, म्हणून साकुमा-सानंनी तो स्वतः शिजवला होता. शुक्रवारी सुक्या मासळीची जुडी आली. शनिवारी देवळातून आणलेले प्रवासरक्षेचे ताईत आले, तीन वेगवेगळ्या घरांतून, तीन वेगवेगळ्या देवळांतले. नापास झाल्याबद्दल माझा इतका सत्कार शाळेत झाला असता तर मी शिकतच राहिले असते.

“सांगून टाकू का?” मी तेत्सुरोंना विचारलं.

ते लाल भात खात होते. “काय सांगणार? तुमचा भात आम्ही फसवून घेतला, असं?”

“नापास झाले असं.”

“म्हणजे त्यांना भात केल्याची लाज वाटेल. तू त्यांना लाजवणार. त्यापेक्षा पास होऊन टाक ना.” सुचवलेला उपाय किती सोपा आहे याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या परीक्षेत मी फळी पार केली. इतकी सुंदर पार केली की त्या आनंदात पुढची थांबायची रेघ मला दिसलीच नाही. रेघेवर न थांबणारा तिथल्या तिथे नापास होतो. “फळी छान झाली,” कोमिने-सेन्सेई म्हणाले, आणि नंतर बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिले.

दरम्यान आळीत माझं नाव होत होतं. रस्त्यात साकुमा-सान भेटल्या आणि थेट वाकल्याच.

“किती विचार करता हो तुम्ही इगराशी-सान! एवढी मोठी गाडी, पण आवाज म्हणून येत नाही.”

“नाही, ते…”

“मी ह्यांनाही म्हटलं, त्या नक्कीच गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत नेत असणार. एवढं ओझं! या वयात!”

मी तोंड उघडलं. पण कौतुक करणाऱ्याला तो चूक आहे असं सांगणं हे आमच्याकडे पियानोच्याही वरचं आहे. शिवाय ‘या वयात’मुळे मला थोडा दम लागला होता. मी नुसती मान लववली. आमच्या आळीत मान लववली की तो होकार धरतात. अशा रीतीने मी न घेतलेली गाडी न मिळालेल्या लायसन्सवर रोज न ढकलता मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊ लागले.

लगेचच तक्रार आली.

तक्रार कधी करणाऱ्याकडून येत नाही. ती आळीप्रमुखांमार्फत येते, हवेचा विषय निघाल्यावर, निघता निघता. “पहाट गार झाली नाही?” साकुमा-सान म्हणाल्या. “गारव्यात आवाज लांबवर जातात म्हणे. कामादा आजोबांची झोप तशी सावधच. ते काही म्हणत नाहीत हं. पण पहाटे जाग येते म्हणत होते. गाडीने.”

“माझ्या गाडीने?”

“तसं ते मुळीच म्हणाले नाहीत,” साकुमा-सान घाईने म्हणाल्या. याचा अर्थ, अगदी तसंच म्हणाले.

संध्याकाळी तेत्सुरोंनी मला गोड वड्यांचा डबा आणून दिला. “जाऊन माफी मागून ये.”

“कशाची?”

“आवाजाची.”

“आवाजच नाही! गाडी दुकानात आहे. तिला अजून नंबरही लागलेला नाही!”

“आवाज आहे की नाही हा वेगळा मुद्दा,” ते शांतपणे म्हणाले. “तक्रार तर आहे.”

माझं शिक्षण असं आहे की नोंद आधी आणि निष्कर्ष नंतर. आवाज शून्य, हे माझ्याइतकं खात्रीने कोणीच सांगू शकलं नसतं. तरीही मी डबा घेऊन गेले. पण मनाशी ठरवून गेले की आज खरं सांगायचं. एका तरी माणसाला.

कामादा आजोबांनी न्हाव्याचं दुकान मुलाकडे सोपवून बरीच वर्षं झाली. आता ते व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मानेवरचे केस बघतात. मी वाकले. “आजोबा, पहाटेच्या आवाजाबद्दल आले होते. खरं सांगायचं तर माझी गाडी…”

“झकास आहे,” आजोबा म्हणाले.

“अं?”

“आवाज. दोन सिलिंडरचा ना? पहिल्यांदा खोकतो, मग लागतो सुरात. बंदराच्या बाजूला वळताना एकदा अडखळतो. मी पडून ऐकतो. तक्रार बिक्रार काही नाही हो! मी साकुमाबाईंना नुसतं सांगितलं, त्यांनी घेतला कागद आणि पेन.” ते पुढे सरकले. “आमच्या वेळी तुमच्यासारख्या शाळा नव्हत्या. सरळ सरकारी केंद्रात परीक्षा. घेणारा पोलीस. मी नऊ वेळा गेलो.”

“आणि?”

“नऊ वेळा घरी आलो.” ते हसले. “प्रत्येक वेळी बायको विचारायची, आज कुठवर पोचलात? मी सांगायचो, आज फळीपर्यंत, आज वळणापर्यंत. दहाव्या वेळी तिनेच चपला लपवल्या. बरं, तुम्ही काहीतरी सांगत होतात?”

मी काहीच सांगत नव्हते. वाटेत मी एवढंच मोजत होते की मी नोंदवलेली गाडी चार सिलिंडरची आहे. म्हणजे आजोबांना माझी नसलेली गाडी ऐकू येत नव्हती. दुसरीच कुठलीतरी नसलेली गाडी ऐकू येत होती, आणि वड्या मात्र मी दिल्या होत्या.

एवढ्यावर थांबतील तर त्या साकुमा-सान कसल्या. शरद ऋतूतला वाहतूक-सुरक्षेचा सप्ताह जवळ आला होता. शाळेची मुलं पिवळ्या टोप्या घालून रस्त्याने चालतात, पुढे दर वर्षी पोलिसांची स्कूटर असते. “या वर्षी,” त्या म्हणाल्या, “आपल्या आळीचाच माणूस पुढे! मी ठाण्यात कळवून आले. मोठी गाडी, आणि इतकी शांत. मुलांना आदर्श.”

“कधी?”

“या रविवारी.”

तिसरी परीक्षा शुक्रवारी सकाळी होती. शुक्रवारी पास झाले तर दुपारी लायसन्स केंद्रात जाऊन कार्ड, शनिवारी दुकानातून गाडी, रविवारी मिरवणूक. शुक्रवारी नापास झाले तर रविवारी शंभर पिवळ्या टोप्यांसमोर मी चालत येणार, आणि लाल भात, मासळी, ताईत आणि ढकलण्याचं कौतुक हे सगळं चोरीचं होतं हे आळीला एकदम कळणार. कोणी काही म्हणणार नाही. त्या आठवड्यात मी शिझुओकातल्या घरांची भाडी बघितली. जास्त आहेत.

शुक्रवारी मी फळीवर चढले तेव्हा माझं लक्ष फळीकडे नव्हतं. मी रविवारचं माफीचं वाक्य जुळवत होते. ‘आपणा सर्वांची दिशाभूल झाली याबद्दल’ की ‘माझ्याकडून दिशाभूल झाली याबद्दल’? पहिल्यात दोष कोणाचाच नाही, ते बरं वाटत होतं. पण मग वाकायचं किती? ‘गैरसमज’ म्हणावं तर समज कोणाचा, असा प्रश्न येतो. शेवटी क्रियापद कुठे ठेवायचं यावर मी आले आणि पुढचं चाक खाली उतरल्याचं जाणवलं. फळी संपली होती. पलीकडे, समोरच्या बाजूने.

पुढच्या रेघेवर मी इतकी थांबले की कोमिने-सेन्सेईंना हात करून मला पुढे बोलवावं लागलं.

“इगराशी-सान,” ते नंतर म्हणाले, “फळीवर आपण कसल्या विचारात होता?”

“माफीच्या.”

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. “ते मी विद्यार्थ्यांना सांगून बघेन.”

लायसन्स केंद्रात डोळे तपासले, फोटो काढला. फोटोत मी नुकतीच पकडलेली दिसते. कार्डावर खालच्या कोपऱ्यात ओळीने चौकोन असतात. त्यांतल्या एका चौकोनात आडव्या रेघेऐवजी ‘मोठी दुचाकी’ अशी बारीक अक्षरं आली. ती वाचायला मला चष्मा लावावा लागला. शनिवारी दुकानदाराने निळी गाडी टेम्पोने घरी पोचती केली, आणि मी तिच्यावर चादर टाकली. चालू करून बघायची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी आळी दारात उभी. मुलं, पिवळ्या टोप्या, साकुमा-सान हातात झेंडा घेऊन. आजोबा व्हरांड्यातून उतरून आलेले. मी चादर काढली, बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते इंजिन चालू केलं.

आवाज छातीत शिरला. साकुमा-सानंच्या खिडकीच्या काचा वाजल्या. तीन कुत्री एकदम बोलली. शांत गाडी म्हणून जिची ख्याती होती ती गाडी समोर ही अशी गरजत होती, आणि आळीतला प्रत्येक माणूस न बघितल्यासारखं करून माझ्याकडे बघत होता. मी इंजिन बंद केलं. त्यानंतरची शांतता फळीपेक्षा अरुंद होती.

आजोबांनी कानामागचा हात काढला. “हा तो नव्हे.”

“म्हणजे?” साकुमा-सान.

“पहाटेचा. तो दोन सिलिंडरचा. हा चार. ह्या बाई नव्हेतच त्या.”

आता सांगून मोकळं व्हावं म्हणून मी गाडीवरून उतरले. “खरं म्हणजे माझी गाडी कालच…”

“इगराशी-सान!” साकुमा-सान झेंड्यासकट कमरेत वाकल्या. “आम्हाला क्षमा करा! दुसऱ्या कोणाच्या आवाजाचा आळ आम्ही तुमच्यावर घेतला. आणि तुम्ही! एक शब्द न बोलता वड्या घेऊन गेलात!” त्यांच्यामागे सगळी आळी वाकली. पिवळ्या टोप्याही वाकल्या, कारण पुढचे वाकले होते. मी उलट वाकले. तेत्सुरो दारातून वाकले, आणि वाकता वाकता माझ्याकडे ‘गप्प बस’ असं बघून घेतलं.

मिरवणूक पायी चालणाऱ्यांच्या वेगाने झाली. त्या वेगात मोठी गाडी चालवणं अवघड असतं. मला ते येत होतं. मुलांमधलं एकही मला ओलांडून पुढे गेलं नाही, आणि एवढं सोडलं तर त्या रविवारबद्दल मला फुशारकी मारता येण्यासारखं काही नाही.

पण प्रकरण मिटलं नाही. पहाटे आळीतून गाडी नेणारा, आणि आधी येऊन दोन शब्द न बोललेला, असा कोणीतरी इसम मोकळा हिंडतो आहे, याने आळी अस्वस्थ झाली. बैठक भरली. त्याला शोधायचं ठरलं. मोठ्या गाडीचं लायसन्स असलेली आळीत मी एकटीच, आणि त्याचा आवाज ओळखणारे आजोबा एकटेच. आम्हा दोघांना नेमलं.

पहिल्या पहाटे मी आणि आजोबा गाडी घेऊन कोपऱ्यावर उभे राहिलो. आजोबांच्या डोक्यावर माझं जुनं हेल्मेट होतं.

“ऐकलंत?” ते म्हणाले.

समुद्र, आणि लांब कुठेतरी मासळीच्या गाड्या. मी आजोबांच्या तोंडाकडे बघितलं.

“बंदराकडे गेला,” आजोबा म्हणाले. “चला, चला! निसटेल!” आणि त्या वयाच्या माणसाने ज्या चपळाईने मागच्या सीटवर टांग टाकली ती बघून त्या सरकारी पोलिसाने नऊ वेळा कसला खेळ केला होता असा मला प्रश्न पडला.

आम्ही बंदरापर्यंत गेलो. तो निसटला होता. दुसऱ्या दिवशीही निसटला. वळणावर आजोबा माझ्या कानाशी ओरडतात, “दाबा बाई, दाबा! काय फळीवर आहात का!” आणि मी दाबते. धक्क्यावर मासळीवाल्यांकडे चहा घेतो, कोणी दिसलं का म्हणून चौकशी करतो आणि परत येतो.

गेल्या आठवड्यात साकुमा-सान आमच्या फाटकाशी आल्या. हवेबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की गोष्ट गंभीर आहे.

“इगराशी-सान, आता तो सगळ्यांनाच ऐकू येतो.”

“कोण?”

“तोच! पहाटेचा! आधी एकट्या आजोबांना यायचा. आता आमची काच वाजते. आजोबा बरोबरच सांगत होते.” त्यांनी आवाज खाली आणला. “माणूस चांगलाच निर्ढावलेला दिसतो. सारी भिस्त तुमच्यावर आहे.”

“तपास चालू आहे,” मी म्हणाले.

“एक सुचवू का? तुम्ही जरा आणखी लवकर निघत चला. तो निघायच्या आधी.”

तेव्हापासून आम्ही अर्धा तास आधी निघतो.